कोनफळातल्या गुठळ्या

रुपेर्ता मार्रुगोच्या तोंडून कुणाबद्दल चांगला शब्द ऐकला, असं आमच्या हेत्सेमानी वस्तीत कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मेलेल्यांबद्दलसुद्धा नाही. नवरा गेला तेव्हा ती म्हणाली होती, बरं झालं, घोरणं तरी थांबलं. संध्याकाळी ऊन भिंतीवरून उतरलं की ती वेताची झुलती खुर्ची दाराबाहेर काढायची, पाय पसरून बसायची आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याचा पंचनामा करायची. सगळे तिला निन्या रुपेर्ता म्हणत. निन्या म्हणजे खरं तर लहान मुलगी, पण आमच्याकडे पिकल्या केसांच्या बायकांना मानानं तसंच म्हणतात. तिला तसं म्हणताना हसायची कुणाची टाप नव्हती.

हल्ली पंचनाम्याला माल भरपूर होता. कार्ताहेनाचं जुनं शहर बघायला जगाच्या पाठीवरून पर्यटक मंडळी येतात. आधी तटाच्या आत भटकतात. तिथल्या सज्जांवरचे फुलांचे वेल आणि घोडागाड्या बघून झाल्या की घड्याळाच्या बुरुजाखालून बाहेर पडून आमच्या गल्ल्यांत घुसतात. उन्हानं भाजलेल्या तंगड्या, डोक्यावर नव्याकोऱ्या टोप्या, आणि दिसेल त्या दारापुढे उभं राहून फोटो. रुपेर्ताच्या निळ्या दारापुढे तर हमखास. ती त्यांना जीभ काढून दाखवायची, तर ती खुळी माणसं खूश होऊन आणखी चार फोटो काढायची. हागायला बसलं तरी काढतील मेले, असं ती म्हणायची, आणि तेही मोठ्यानं, कारण त्यांना कुठे कळणार होतं.

या कळपांच्या गुराख्यांपैकी एक तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. विल्फ्रिदो त्याचं नाव. काठीला पिवळं फडकं बांधून तो पुढे चालायचा आणि मागून वीस-पंचवीस जण. चार बुकं शिकला होता, तीन भाषांत खोटं बोलायचा. मावशीच्या दारापुढे थांबून कधी सांगायचा की इथे एका चाच्यानं सोनं पुरलं, कधी सांगायचा की इथे एका सरदाराची रखेल राहायची. रुपेर्ताचा बाप धक्क्यावरच्या जुन्या बाजारात हमाल होता आणि त्या घरात मासळीच्या वासाशिवाय कुणी काही पुरलं नव्हतं. रखेलीची गोष्ट ऐकली तेव्हा तिनं खुर्चीतूनच विल्फ्रिदोला विचारलं होतं, ‘कोण रे ती, तुझी आई की मी?’ पोराचा चेहरा पडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

रुपेर्तानं जन्मभर इस्त्री केली. तटाच्या आतल्या बड्या घरांचे शर्ट, टेबलांवरच्या चादरी, बाप्तिस्म्याचे झगे, सगळं खळ घालून कडक करायचं, पाटी डोक्यावर घ्यायची आणि मागच्या दारानं नेऊन पोचवायचं. पुढच्या दारानं ती कुठल्याच घरात गेली नाही आणि जावंसं वाटलंही नाही. कॉलरींचा मळ पाहिलेल्या बाईला त्या लोकांचं कौतुक कसलं. म्हणून लोक त्या घरांकडे तोंड वर करून आ वासून बघतात, याचा तिला मनापासून संताप यायचा.

पण तिच्या तिरस्काराचा खरा मानकरी कुणी पाहुणा नव्हता, सरदार नव्हता. ती होती समोरच्या घरातली दिग्ना झाबालेता.

दोघींची दारं समोरासमोर. चाळीस वर्षं दोघींच्या खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून झुलल्या आणि चाळीस वर्षं दोघींनी एकमेकींची उणीदुणी काढली. सगळ्यात जास्त तोंड सुटायचं ते ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात. त्या आठवड्यात आमच्याकडे मांस शिजत नाही. मासळी, नारळाचा भात, आणि गोड. गोड म्हणजे दुकानातलं नव्हे. घराघरांत हंडे चढतात. पपई, अननस, आंबा, पिकी केळी, जे हाताला येईल ते गुळात आणि नारळाच्या दुधात आटवायचं. गुरुवारी वाडगे निघतात. तुमचा वाडगा शेजारी जातो, शेजाऱ्यानं तो रिकामा करून आपलं गोड भरून परत पाठवायचा. धुऊन, पुसून, रिकामा परत आला तर त्याचा अर्थ एकच: आजपासून तुमचं-आमचं बोलणं बंद.

रुपेर्ताचं गोड तुरीचं. दाणे उकडायचे, वाटायचे, सालं मागे राहीपर्यंत चाळणीतून घासायचे, मग गूळ, नारळाचं दूध, दालचिनी, आणि डाव फिरवत बसायचं. डाव ज्यानं धरला त्यानंच शेवटपर्यंत फिरवायचा, दुसऱ्याचा हात लागला की गोड फाटतं. दिग्नाचं गोड कोनफळाचं. त्यात लवंग जास्त आणि गुठळ्या. चाळीस वर्षं गुठळ्या.

‘दिग्ना, दगड वेचून घातलेस का गं?’ रुपेर्ता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची.

‘तुझे दात पडले त्याला माझ्या कोनफळानं काय करायचं?’ समोरून यायचं.

दिग्नाचं गोड आपण कोंबड्यांना घालतो, असं रुपेर्ता दरवर्षी सांगायची. कोंबड्या तिच्याकडे नव्हत्या.

आणि मग गेल्या वर्षी, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, दिग्नाच्या दारात पहाटे ट्रक लागला. मुलांनी घर विकलं होतं आणि ते तिला शहराच्या टोकाला, पोसोनला, आपल्याकडे न्यायला आले होते. दिग्ना कुणाला काही बोलली नव्हती. रुपेर्तानं खिडकीच्या फटीतून पलंग जाताना पाहिला, खुर्ची जाताना पाहिली, दिग्ना ट्रकमध्ये चढताना पाहिली, आणि दार उघडलं नाही. समोर हॉटेल झालं, भिंती पिवळ्या झाल्या, सज्जात कुंड्या आल्या. रुपेर्ता वर्षभर एकच पालुपद लावून बसली: घर विकलं ते विकलं, माझा वाडगाही घेऊन गेली चोरटी. ते खरंच होतं. निळ्या काठाचे तामचिनीचे चार वाडगे होते तिच्याकडे. त्यातला काठाला टवका उडालेला एक गुरुवारी दिग्नाकडे गेला होता आणि परत आलाच नव्हता.

तिच्या तोंडाला लोक किती वचकून असत, हे एका गोष्टीवरून कळेल. दिग्ना समोर राहत होती तेव्हाच एलिहियो पुएयोनं आपलं घर विकलं, त्याचं हॉटेल झालं, आणि त्याच हॉटेलच्या दारात तो पांढरा डगला घालून दरवान म्हणून उभा राहिला. पोटासाठी करतो माणूस. रुपेर्ता रोज चर्चला जाताना त्याच्यापुढे थांबायची आणि म्हणायची, ‘काय मालक, आज कोण पाहुणे आलेत तुमच्याकडे?’ गल्ली खो-खो हसायची. महिन्याभरात एलिहियोनं ती नोकरी सोडली आणि परत या भागात फिरकला नाही. त्यावर रुपेर्ताचं म्हणणं, ज्याला विकलेल्या घराचं दार उघडायची लाज वाटत नाही त्याला माझ्या बोलण्याची कशी वाटली?

तर अशा बाईला विल्फ्रिदो वर्षभर सांगत होता की मावशी, तूही वीक. विमानतळापलीकडे तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर होतं. लिफ्ट होती. गिऱ्हाईक तयार होतं. पवित्र आठवडा सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी तो कागद घेऊनच आला. तिनं नेहमीप्रमाणे त्याच्या सात पिढ्या काढल्या, म्हणजे स्वतःच्याही काढल्या. पण जाता जाता तो जे बोलून गेला ते तिला झोंबलं.

‘बसतेस कुणासाठी गं मावशी इथे? शेजार उरलाय का? सांग, एक तरी घर.’

रुपेर्ता खुर्ची झुलवायची थांबली. गल्लीत चार माणसं होती, तीही ऐकत होती.

‘या गुरुवारी माझे वाडगे जातील,’ ती म्हणाली. ‘एक जरी भरून परत आला तर तू हा विषय जन्मात काढायचा नाहीस. सगळे रिकामे आले तर ईस्टरला दुपारी आण तुझा कागद. सही करते आणि येते तुझ्या त्या कबुतरखान्यात.’

तिनं आयुष्यात पुष्कळ वाईट गोष्टी केल्या असतील, पण दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. विल्फ्रिदोला हे ठाऊक होतं. तो शीळ घालत गेला.

बुधवारी तिनं हंडा चढवला. सकाळपासून एकटीनं डाव फिरवत होती. गोड घट्ट होत आलं, त्याच वेळी कुणीतरी उघड्या दारातून सरळ स्वयंपाकघरात आलं. गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक उंच बाई, तिच्यामागे नवरा, आणि दोघं हंड्यात डोकावून हसतायत. रुपेर्तानं डाव खाली ठेवला. दारापर्यंत त्यांना हाकलत नेलं, त्यांच्या आईबापांचा उद्धार केला, उंबऱ्यावर उभी राहून आणखी थोडा केला. परत आली तेव्हा तळाला लागलं होतं. फार नाही. वरवर खाणाऱ्याला कळलं नसतं. पण तिला कळलं, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिनं करपलेलं गोड वाडग्यांत भरलं, कारण दुसरा हंडा चढवायला हातांत बळ नव्हतं. इथे कुणाच्या जिभेला समजतंय, असं तिनं स्वतःलाच ऐकवलं.

गुरुवारी सकाळी तीन वाडगे निघाले. एक कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे. एक पाठीवर बोचकी घेऊन हिंडणाऱ्या पोरांच्या वसतिगृहात. आणि तिसरा समोर. समोर द्यायचा असं तिनं ठरवलं नव्हतं. वाडगा हातात घेऊन पाय आपोआप तिकडे वळले आणि दिग्नाच्या दारात उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आत दिग्ना नाही. आता माघार घेणं शोभलं नसतं. हॉटेल बघणारी बोगोताची पोर बाहेर आली, गोरीपान, रुमालासारखी घडी घातलेली. वाडगा दोन्ही हातांनी घेत तिनं इतके आभार मानले की रुपेर्ताला किळस आली.

दुपारी ती चर्च फिरायला बाहेर पडली. त्या दिवशी सात चर्चं करायची असतात. आमच्याच चौकातल्या त्रिनिदाद चर्चपासून सुरुवात करायची, मग बुरुजाखालून आत, सान पेद्रो, मोठं चर्च, सांतो दोमिंगो, असं फिरत फिरत. रुपेर्ता लहानपणापासून ही फेरी करत आली होती आणि दरवर्षी फेरीपेक्षा वाटेत भेटणाऱ्यांशी भांडण्यात तिचा जास्त वेळ जायचा. या खेपेला भांडायला कुणी भेटलं नाही. सान पेद्रोसमोर घोळक्यांमागून घोळके उभे होते. कमानींखाली गोड विकणाऱ्या बायकांच्या काचेच्या बरण्यांपुढे रांगा होत्या. रेशमी कागदात गुंडाळलेली पपई, फीत बांधलेलं नारळाचं गोड. त्या बायका तिच्या ओळखीच्या नव्हत्या. तिनं एकीला मुद्दाम सांगून पाहिलं की ही तुझी पपई आहे की वहाणेचा तळवा. ती हसली आणि म्हणाली, आजी, चव बघायची का?

मग ती ज्या मागच्या दारांनी जन्मभर आत गेली त्या गल्लीतून गेली. दारं होती. पण एका दारामागे दागिन्यांचं दुकान होतं, दुसऱ्यामागे खाणावळ, तिसरं नुसतंच रंगवून बंद केलेलं आणि त्यापुढे एक नवरी फोटोसाठी उभी. आत कुणी स्वयंपाकीण नव्हती जिला ‘कालची खळ पातळ वाटली म्हणे तुझ्या बाईसाहेबांना’ असं टोचून बोलावं. कोपऱ्यावर विल्फ्रिदो काठी उंच धरून सांगत होता की आज जुन्या चालीप्रमाणे सगळं शहर सात चर्चं करतं. सगळं शहर म्हणजे त्याच्यामागचे पंचवीस आणि पलीकडे उभी त्याची मावशी. त्यानं तिला पाहिलं. हात केला नाही. रुपेर्तानं पाचच चर्चं केली आणि घरी आली. शिवी द्यायलासुद्धा ओळखीचं माणूस लागतं हो, असं ती दारात खुर्ची टाकताना पुटपुटली. तिला भीती वाटत होती. घर जाईल याची नव्हे. विल्फ्रिदोचं बरोबर निघेल याची.

शुक्रवारी वाडगे परत यायला लागले. कॉफीवाल्याकडून आला नाही म्हणून ती स्वतः बघायला गेली, तर त्यानं वाडग्यात माती भरून एक निवडुंग लावला होता आणि तो खिडकीत ठेवला होता. तो कौतुकानं दाखवायला लागला. रुपेर्तानं निवडुंग मुळासकट उपटून त्याच्या हातात दिला आणि वाडगा घेऊन आली. वसतिगृहातली पोरं वाडगा घेऊन आली, त्यात बिस्किटांचा पुडा. आता हा भरलेला म्हणायचा की नाही? दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, भरलेला. गल्लीतल्या चार जणांनी तसं सुचवलंही. तिनं पुडा पोरांना परत दिला. कारखान्यानं भरलेला वाडगा माझ्याकडे मोजत नाहीत, म्हणाली.

संध्याकाळी बोगोताची पोर आली. वाडगा धुऊन, पुसून, आरशासारखा लखलखीत, आणि आत एक छापील कार्ड, धन्यवादाचं.

‘काय गं, माझ्याशी भांडण कसलं तुझं?’ रुपेर्तानं विचारलं.

पोर गोरीमोरी झाली. भांडण कसलं, सगळ्यांना किती आवडलं, म्हणाली.

‘मग धुऊन का आणलास?’

‘खरकटा कसा परत करायचा, बाई?’

‘आमच्यात दावा मांडायचा असला की वाडगा धुऊन देतात. बोगोताला काय करतात देव जाणे. तिथे भांडणंसुद्धा कार्डावर छापून पाठवत असाल.’

आणि मग तिनं त्या पोरीला सगळं ऐकवलं. वाडगा म्हणजे काय, तो कसा परत येतो, झावळ्यांच्या रविवारी काय ठरलं, आणि आता परवा दुपारी ती हे घर सोडून कबुतरखान्यात कशी जाणार. आवाज असा की त्रिनिदादच्या चौकापर्यंत जावा. समोर हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांड्यांचा खणखणाट चालला होता, तो मध्येच थांबला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्ता आमच्या स्वयंपाकघरात सांगते, ती म्हणाली, काहीतरी करून भरून पाठवायला लावते.

‘हुकूम सोडून भरलेला वाडगा नको मला,’ रुपेर्ता म्हणाली. ‘जा. आत जा. डास चावतील.’

शनिवारी ती खुर्चीत बसली नाही. ट्रंक काढली, चादरी भरल्या, नवऱ्याचा फोटो भरला, पुन्हा काढून भिंतीला लावला. पहाटे खिडकीतून तिला समोरच्या हॉटेलची आचारीण दिसली. ही बाई रोज उजाडायच्या आत यायची आणि बाजूच्या बोळातल्या मागच्या दारानं आत जायची. डोक्यावर पांढरी टोपी कपाळापर्यंत ओढलेली आणि वर उघडलेली छत्री. ना पाऊस, ना ऊन, आणि बाईसाहेबांना छत्री. रुपेर्तानं तिला कित्येक महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी तेवढीही हौस उरली नव्हती.

ईस्टरच्या सकाळी चर्चला जायला तिनं दार उघडलं, तर उंबऱ्यावर वाडगा. वर केळीचं पान झाकलेलं. पान उचलायच्या आधीच तिला काठाचा टवका दिसला.

ती उंबऱ्यावर बसली. घंटा वाजत होत्या, लोक नवे कपडे घालून चालले होते. तिनं पान काढलं. लवंगेचा वास. बोटानं उचलून तोंडात घातलं. जिभेवर गुठळी आली, मग दुसरी.

आधी तिला वाटलं, दिग्ना पोसोनहून आली. पण पोसोन शहराच्या पार टोकाला, तिकडून बसनं यायला बराच वेळ लागतो. आणि कोनफळ अजून कोमट होतं. पोसोनहून कोमट वाडगा येत नाही. रुपेर्तानं मान वर केली. बोळाच्या तोंडाशी हॉटेलचं मागचं दार अर्धवट उघडं होतं आणि चौकटीला टेकून ती छत्री उभी होती.

मग सगळं तिच्या ध्यानात आलं. दिग्ना रोज बसनं येत होती. आपल्याच घरात, आपल्याच चुलीपाशी, टोपी घालून पाहुण्यांसाठी अंडी तळत होती. विकलेल्या घराच्या मागच्या दारानं आत जात होती आणि छत्री पावसासाठी नव्हतीच. ती रुपेर्तासाठी होती. एलिहियोचं काय झालं ते दिग्नानं समोर बसून पाहिलं होतं. तरी हा वाडगा तिनं पाठवला. ओळखू येणार नाही असं दुसरं काही पाठवता आलं असतं, पण तिला कोनफळच करता येत होतं आणि त्याला गुठळ्या पडल्याशिवाय राहणार नव्हत्या, हे तिला पक्कं माहीत होतं. आपण सापडणार, हे जाणून पाठवला.

रुपेर्ताला प्रथम राग आला. मूर्ख बाई, चूल सोडवली नाही तर घर कशाला सोडलंस. मग तिला लाज वाटली, आणि ती भावना तिच्या सवयीची नव्हती. एक म्हातारी बाई आपल्या भीतीनं कित्येक महिने अंधारात छत्री धरून चालत होती. एलिहियोची पांढऱ्या डगल्यातली आकृती तिच्या डोळ्यांपुढे आली आणि जाईना. ती चर्चला गेली नाही. उंबऱ्यावर बसून तिनं अर्धा वाडगा संपवला.

दुपारी विल्फ्रिदो आला. कागद, पेन आणि ट्रंक उचलायला एक गाडी. वाडगा टेबलावर होता. तो बघतच राहिला.

‘कुणी पाठवला?’

‘समोरून आला.’

त्यानं चमचा बुडवला, तोंडात घातला, आणि त्याचं चघळणं थांबलं. लहानपणापासून त्यानंही ते गोड खाल्लं होतं.

‘मावशी, या गुठळ्या... हे तर दिग्नामावशीचं...’

‘दिग्ना?’ रुपेर्ता कडाडली. ‘दिग्ना तिकडे पोसोनला लेकांच्या गाद्यांवर लोळत असेल. तिचं नाव घेऊ नकोस माझ्या घरात. त्या बोगोताच्या पोरीनं केलंय हे. तिला काय येतंय? ना कोनफळ किसता येत, ना आटवता येत. जन्मात कधी चुलीपाशी उभी राहिली असेल तर शपथ.’

‘पण हा वाडगा तर तोच, टवक्याचा...’

‘घरातच टाकून गेली असेल ती चोरटी. पोरीला माळ्यावर सापडला. तुला काय करायचंय? भरून आला ना?’

विल्फ्रिदोनं काठाच्या टवक्यावरून बोट फिरवलं. गोष्टी रचण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून दुसऱ्याची रचलेली गोष्ट त्याला लगेच ओळखू यायची. पण मावशीनं ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी त्यानं कागद घडी करून खिशात घातला, गाडीवाल्याला परत पाठवलं आणि वाडग्यातलं उरलेलं मुकाट्यानं खाल्लं. विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

ऊन उतरल्यावर रुपेर्तानं खुर्ची बाहेर काढली. टवक्याचा वाडगा तिनं हंड्यात उरलेल्या तुरीच्या गोडानं काठोकाठ भरला होता. बोळात जाऊन तो छत्रीशेजारी पायरीवर ठेवला, दार वाजवलं नाही, आणि परत आली. मग खुर्ची नेहमीच्या जागी ठेवताना तिनं एक गोष्ट केली, जी गल्लीत कुणाच्या लगेच लक्षात आली नाही. खुर्ची तिनं फिरवली. आजवर जिचं तोंड हॉटेलकडे आणि बोळाकडे असायचं, तिची पाठ आता तिकडे झाली. समोर नुसती स्वतःची भिंत. ती भिंतीकडे तोंड करून झुलत राहिली. जाणारे विचारायला लागले की निन्या, हे काय नवीन, तर म्हणाली, तुमची थोबाडं बघून कंटाळा आला.

बोळातलं दार वाजलं. पावलं आली. पावलं जड होती, एक पाय थोडा घासत चालणारी. चाळीस वर्षं ऐकलेली. ती रुपेर्ताच्या खुर्चीमागे आली आणि थांबली. छत्री उघडल्याचा आवाज झाला नव्हता.

‘तूर करपली होती,’ मागून आवाज आला.

रुपेर्तानं मान वळवली नाही. खुर्ची झुलत राहिली.

‘तुझ्या गुठळ्या,’ ती म्हणाली.

पावलं बसच्या दिशेनं निघून गेली.